सनदेला पर्याय पुरतात, न्यायाधीशपदाला निबंध लागतो

पनवेल, प्रतिनिधी

वकिलीच्या सनदेसाठी घेतली जाणारी अखिल भारतीय वकिली परीक्षा २०११ मध्ये सुरू झाली. तिच्यात उमेदवाराला एक परिच्छेदही लिहावा लागत नाही. शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही आणि टिपणे नसलेला बेअर अ‍ॅक्ट जवळ ठेवण्याची मुभा. नवीन पनवेल आणि कळंबोलीतील विधी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांची लेखणीशी खरी गाठ पडते ती पुढे, राज्य लोकसेवा आयोगाच्या दिवाणी न्यायाधीश व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाच्या मुख्य परीक्षेत. तेथे दोन्ही प्रश्नपत्रिका वर्णनात्मक असतात आणि कायद्याच्या प्रचलित विषयावर निबंधही लिहावा लागतो.

कलमे पाठ असूनही अनेकांचा निबंध फसतो, याचे कारण कलमे आठवणे आणि भूमिका मांडणे ही दोन वेगळी कामे आहेत. जामिनाचेच उदाहरण घ्यावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असल्यास त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप वा फाशीच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. बहुतेक निबंध एवढे सांगून थांबतात. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने कैदी आतच राहतो, त्याचे काय, हा प्रश्न विचारणारा उमेदवार मात्र न्यायाधीशासारखा विचार करू लागलेला असतो. परीक्षकाला तेच हवे असते.

सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू करण्याचा निर्णय दिला. न्यायालयात वावरल्याने लेखन आपोआप सुधारेल, अशी अपेक्षा त्यामागे कोणी धरत असेल तर ती भाबडी आहे. कनिष्ठ वकिलाच्या वाट्याला बहुधा जुना मसुदा काढून पक्षकारांची नावे आणि तारखा बदलण्याचेच काम येते. त्याऐवजी एखाद्या खटल्यातील दोन्ही बाजूंचे मुद्दे आणि त्यावरील स्वतःचा निष्कर्ष दोन पानांत उतरवला, घड्याळ लावून उतरवला, तर तीच निबंधाची तयारी ठरते. पनवेलच्या न्यायालयात त्यासाठी साहित्याची वाण नाही.

भाषेची अडचण वेगळीच. शिक्षण बहुतांशी इंग्रजी पुस्तकांतून होते आणि तालुका न्यायालयात फिर्याद, पंचनामा, जबाब सारे मराठीत असते. त्यातच १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता आल्या. खुनाचे कलम ३०२ जाऊन १०३ आले. मात्र त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू असल्याने उमेदवाराला अजून कित्येक वर्षे दोन्ही आकडे लक्षात ठेवावे लागणार आहेत.