पट कमी, प्रश्न जास्त

लहान खासगी शाळेत मूल घातलेल्या पालकांकडून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘बाई माझ्या मुलाला नावानिशी ओळखतात’ हे पहिलं, ‘पण पुढे दहावीला कसं होणार?’ हे दुसरं. दोन्ही मनापासूनची आहेत.

कोल्हापुरातलं लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय किंवा पुण्यातलं अक्षरनंदन यांसारखी प्रयोगशील शाळा पाहिली, की आटोपशीर शाळेचं बळ कळतं. पण प्रत्येक लहान शाळा प्रयोगशील नसते. काही निव्वळ जागेअभावी लहान असतात. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितलं आहे, त्यामुळे कमी पट म्हणजे शाळेचे उपकार नव्हेत.

चौकशी करायची ती वेगळी. शिक्षक टिकतात का? मैदान नसेल तर मुलं खेळतात कुठे? महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे येतो का?

या अंकातल्या पालकांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत. आम्हीही ती जुळवलेली नाहीत. प्रवेशअर्ज भरण्याआधी दोन्ही बाजू वाचा.