आधी विहिरीचा तळ पाहा!

होळी झाली की आमच्या भागातील गावोगावच्या बैठकांत एकच ठराव येतो : आणखी एक बोअर मारा. पाणाडी येतो, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो, यंत्र रात्रभर घरघरते आणि पाणी लागले की गुलाल उधळला जातो. दोन उन्हाळ्यांनंतर तेच बोअर कोरडे पडते आणि ठराव पुन्हा येतो. फक्त खोलीचा आकडा वाढलेला असतो. याला पाण्याचे नियोजन म्हणणे म्हणजे कर्जाला मिळकत म्हणणे होय. जमिनीत दरवर्षी किती मुरते आणि उद्या आपल्याला किती लागेल, हा हिशेब मांडल्यावाचून एकही नवे बोअर मंजूर होता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेब नववीच्या मुलालाही जमेल असा आहे. बेळगावच्या आसपास वर जांभा आणि खाली काळा पाषाण. पाषाणाच्या पोटात नद्या वाहत नसतात. पाणी राहते ते त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. अशा १०० घनमीटर खडकातून हाती लागते ते सुमारे २ घनमीटर पाणी. समजा, दिवाळीच्या सुमाराची पातळी मेअखेर ४ मीटर खाली गेली. म्हणजे १ चौरस किलोमीटर शिवारातून वर्षाला निघाले ८० हजार घनमीटर, अर्थात ८ कोटी लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. त्या मापाने हे पाणी ४ हजार माणसांना वर्षभर पुरेल. पण एक एकर उसाला पावसाखेरीज दीड मीटर पाणी पाजले, तर ६० लाख लिटर लागतात. म्हणजे ४ हजार माणसांचे पाणी १३ एकर ऊस पिऊन टाकतो! गावाला पाणी पुरत नाही की उसाला पुरत नाही, हे आता ज्याचे त्याने ठरवावे.

‘अजून खोल गेलो तर लागेल,’ असे उत्तर मिळते. लागेलही. पण खोल बोअरमुळे पाऊस वाढत नाही. वरच्या थरातले पाणी भेगांवाटे खाली ओढले जाते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. पाणी वाढले नाही, त्याचा फक्त मालक बदलला.

शहरवासीयांनीही भ्रमात राहू नये. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची वस्ती ४ लाख ८८ हजार होती. माणशी १३५ लिटर धरले तर रोज साडेसहा कोटी लिटर हवेत. एवढे सारे पाणी भूगर्भातून निघणे शक्य नाही. मार्कंडेयवरील राकसकोप आणि घटप्रभेवरील हिडकल यांच्यावाचून गत्यंतर नाही. मग विहिरी कशासाठी? धुण्याभांड्यांसाठी, बागांसाठी, बांधकामांसाठी आणि धरणाने तळ गाठल्यावर आधारासाठी. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी याच शहरात विहीर खोदली गेली. देशभरातून येणाऱ्या पाहुण्यांची तहान भागवताना त्या पिढीने आधी पायाखालची जमीन पाहिली. १९९० च्या दशकातील टंचाईनंतर शहरातल्या जुन्या विहिरी उपसून वापरात आणल्या गेल्या, तेव्हा त्यांना पाणी लागलेच. तरीही कित्येक विहिरींत आम्ही निर्माल्य, प्लॅस्टिक आणि बांधकामाचा राडारोडा टाकत आलो.

‘विहिरीचे पाणी घाण असते,’ हा आक्षेप खरा आहे. पण ती घाण विहिरीने निर्माण केलेली नाही. फुटक्या गटारांतून आणि शोषखड्ड्यांतून ती झिरपते. गटार दुरुस्त न करता विहीर बुजवणे म्हणजे ताप मोजणारी नळी फोडून टाकणे.

आम्ही सीमाभागातली माणसे हक्कासाठी भांडायला कधी कचरलो नाही आणि आपल्या भाषेचा आग्रह मीही सोडणार नाही. पण भूगर्भाला सीमा ठाऊक नाही. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा कायदा केला, कर्नाटकाने २०११ साली. कागद दोन झाले, खडक एकच राहिला. म्हादईच्या निवाड्यावर, टीएमसीच्या आकड्यांवर कट्ट्याकट्ट्यावर तावातावाने बोलणाऱ्यांना आपल्या आळीतल्या विहिरीला आज किती हात पाणी आहे, हे सांगता येऊ नये, याला काय म्हणावे?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक गावाने आणि प्रभागाने दिवाळीत व मेअखेर विहिरींची पातळी मोजावी. दोरी, दगड आणि वही पुरे. ते आकडे चावडीवर लावावेत. आधी जुन्या विहिरींचा गाळ काढावा, ओढ्यांवर बांध घालावेत, छपरावरचे पाणी गाळून मुरवावे. त्यानंतरही तूट उरली तर पिण्यापुरते बोअर जरूर मारावे, आणि उसाची पाळी सर्वांत शेवटी यावी. यंदाची दिवाळी त्या वहीच्या पहिल्या नोंदीची ठरावी. पुढच्या होळीला बोअरचा ठराव घेऊन येणाऱ्याला प्रत्येकाने एवढेच विचारावे : वही कुठे आहे?