गॅरेजचे बिल आणि ग्राहकाचा हक्क

मोटार दुरुस्तीला टाकावी, मागतील तेवढे पैसे मोजून घरी आणावी आणि आठ दिवसांत पुन्हा तोच खडखडाट ऐकू यावा, हा अनुभव मध्यमवर्गीय मोटारमालकास नवा नाही. सस्पेन्शनच्या कामात तो विशेष महाग पडतो. पुढच्या चाकाच्या लोअर आर्मचे रबरी बुश बदलल्यावर त्याचे बोल्ट अखेरचे आवळावयाचे ते गाडीचा भार चाकांवर असताना. गाडी वर उचललेली असतानाच ते घट्ट केले, तर ती खाली येताच रबर पिळवटते आणि लवकरच फाटते. मग चाकाचा कोन बिघडतो, टायर एकाच अंगाने झिजतो, ब्रेक दाबताच गाडी बाजूला ओढू लागते. पाच मिनिटांच्या घाईचा भुर्दंड मालकाच्या माथी! गॅरेजवाल्याचे उत्तर मात्र ठरलेले: ‘साहेब, रस्तेच खराब आहेत.’

रस्ते खराब आहेत हे कोण नाकारील? परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ‘सेवा’ ठरते आणि तीतील उणिवेबद्दल भरपाई मागता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे, तीही ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो तेथे, करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. नोटीस पोहोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात, आणि एका बुशपायी किरकोळ रजा संपविण्याची हौस शिक्षकास वा कारकुनास कोठून असणार?

तथापि दावा बहुधा फसतो तो पुराव्यापाशी. कर वाचतो म्हणून ग्राहक आनंदाने बिलाविना पैसे देतो. वस्तुतः बिल न देणे हीच या कायद्यान्वये अनुचित व्यापारी प्रथा आहे. पुढे संतापाच्या भरात तो गाडी दुसरीकडे दुरुस्त करून घेतो. फाटलेला बुश भंगारात जातो व त्याबरोबर दावाही. दुसरा मेकॅनिक तोंडाने पहिल्याला नावे ठेवील, लिहून मात्र देणार नाही. म्हणून पहिल्या गॅरेजला लेखी कळवावे, आणि गाडीला हात लावू देण्यापूर्वी परवानाधारक सर्वेक्षकाकडून छायाचित्रांसह अहवाल घ्यावा. जुने भाग जपून ठेवावेत.

राहिला प्रश्न, पैसे चुकते केल्याखेरीज गाडी न सोडणाऱ्या गॅरेजचा. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० कारागिरास मजुरीपोटी वस्तू अडविण्याचा अधिकार देते. पण ज्या हेतूने वस्तू सोपविली त्या हेतूस अनुसरून काम झाले असेल तरच. दाराशी हुज्जत घालण्यापेक्षा ‘हरकत राखून रक्कम दिली’ असे बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहून, तारीख घालून, गाडी ताब्यात घेणे श्रेयस्कर.