तक्रार आली नाही, म्हणून बिघाड नाही?

आपल्याकडच्या संस्थांच्या वार्षिक सभेत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "अल्हम्दुलिल्लाह, वर्षभरात एकही तक्रार आलेली नाही." मंडळी माना डोलावतात, चहा येतो. शाळा असो, मदरसा असो, वैद्यकीय मदत देणारा ट्रस्ट असो, वाक्य ठरलेलं. माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. त्यामुळे हे वाक्य कानावर पडलं की मला समाधान वाटण्याऐवजी धास्तीच वाटते.

कारण सांगतो. जुनी एक्स्चेंज स्ट्राउजर पद्धतीची होती. आल्मन स्ट्राउजर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत मयतीची व्यवस्था करणारा माणूस. त्याला या यंत्राचं पेटंट १८९१ साली मिळालं. डायल फिरवला की सिलेक्टरचा दांडा आकड्यागणिक वर चढायचा, मग आडवा फिरायचा. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर दहा जागा. असे शेकडो सिलेक्टर एका एक्स्चेंजमध्ये असत आणि ते कुणा एका ग्राहकाचे नसत. ज्याने रिसीव्हर उचलला, त्याला जो मोकळा असेल तो मिळायचा.

आता त्यातल्या एखाद्याचा संपर्क झिजला. ग्राहकाने नंबर फिरवला, फोन लागलाच नाही. त्याला वाटतं, आपलाच आकडा चुकला. तो रिसीव्हर ठेवतो, पुन्हा फिरवतो. या वेळी दुसरा सिलेक्टर मिळतो आणि घंटी वाजते. तक्रार कोण करणार? बिघडलेला सिलेक्टर महिनोन् महिने तसाच राहू शकतो आणि रोज कुणाचा ना कुणाचा कॉल गिळतो. तक्रारवहीचं पान मात्र कोरं!

म्हणून तर रूटीन टेस्ट. रात्री वर्दळ ओसरली की रूटीनर नावाचं यंत्र लावायचं. ते एकेका सिलेक्टरला क्रमाने पकडायचं, खोटा कॉल करायचं, टोन आला का, दांडा बरोबर चढला का, शेवटी सुटला का, हे पाहायचं. कुणी बोलत असेल तर त्याला धक्का न लावता पुढे जायचं. नापास झालेल्यापाशी थांबून घंटा वाजवायचं. बाहेरच्या तारांचीही अशीच रात्रीची तपासणी असे. इन्सुलेशन किती उतरलंय ते मोजलं, की पावसाळ्यात कुठली लाइन मरणार हे आधीच कळायचं.

या धंद्यात एक फार वाईट प्रकार असतो. त्याला 'किलर ट्रंक' म्हणतात. दोन एक्स्चेंजमधली एखादी ट्रंक अशी बिघडते, की आलेला कॉल क्षणात टाकून देते. टाकला की ती लगेच मोकळी. मोकळी दिसली की यंत्रणा पुढचा कॉल तिच्याकडेच पाठवते. चांगल्या ट्रंकांवर लोक पाच-दहा मिनिटं बोलत असतात, त्या अडकलेल्या. ही मात्र सदा हजर. एकटी ट्रंक अशा रीतीने किती कॉल मारते, ते चाचणी केल्याशिवाय कळत नाही.

पुढे डिजिटल एक्स्चेंज आली. १९८४मध्ये सी-डॉटची स्थापना झाली, आणि १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यांचं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं. यंत्र स्वतःची तपासणी स्वतः करू लागलं, प्रोसेसरची जोडी आली, एक चालू, एक राखीव. तरी तत्त्व बदललं नाही. राखीव बाजूवर अधूनमधून काम टाकून पाहावं लागतं. नाहीतर ती राखीव आहे की मेलेली, हे ऐन गरजेच्या वेळी कळतं.

न्यूयॉर्कला ते १७ सप्टेंबर १९९१ रोजी कळलं. एटी अँड टीच्या एक्स्चेंज इमारतीत बाहेरची वीज सोडून स्वतःच्या जनरेटरवर जायचं होतं. रेक्टिफायर बंद पडले, सगळा भार बॅटऱ्यांवर आला. इशारा देणाऱ्या काही यंत्रणा निकामी होत्या. जिथे दिवा लागला होता तिथे पाहायला कुणी गेलं नाही. जनरेटर चालू असताना फिरून तपासणी करायचा नियम होता, तो पाळला गेला नाही. बॅटऱ्यांनी सुमारे सहा तास दम धरला. त्यानंतर सुमारे ५० लाख कॉल अडले, विमानतळांची वाहतूक थांबली. आणि अलार्म पाहायची माणसं? ती त्या दिवशी नव्या अलार्म यंत्रणेच्या प्रशिक्षणाला गेली होती.

आता आपल्या ट्रस्टकडे वळू. मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म मागायला आलेल्या बाईला "साहेब नाहीत, नंतर या" असं सांगितलं जातं. ती तक्रार लिहीत नाही. तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं, कागद कमी असतील. तिच्याकडे दुसरा नंबर फिरवण्याचीही सोय नसते. मुलीची शाळा तिथेच थांबते. आणि ज्याच्या टेबलासमोर कधी रांग नसते, तो कारकून कार्यक्षम समजला जातो. सेक्रेटरी प्रत्येक नव्या माणसाला त्याच्याकडेच धाडतात. मला ती ट्रंक आठवते.

काही भली माणसं म्हणतील, हे पाळत ठेवणं झालं, बदगुमानी झाली, दीनमध्ये याला मनाई आहे. मनाई आहेच, कुणा एकावर संशय घेऊन त्याच्या मागे लागायला. रूटीनर कुणावर संशय घेत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना एकाच क्रमाने लावतो, चांगल्यालाही. शिवाय ट्रस्टचा पैसा ही अमानत आहे, आणि ती पोचली का हे घेणाऱ्याच्या बाजूने पाहिल्याशिवाय कळायचं नाही. हिशेबतपासनीस दिलेले पैसे मोजतो. परत गेलेली माणसं त्याच्या वहीत कुठे असतात?

माझं म्हणणं एवढंच, की गावाबाहेरच्या, कार्यालयात कुणी ओळखत नसलेल्या एखाद्या साध्या बाईला महिन्यातून एकदा ट्रस्टच्या प्रत्येक टेबलावर पाठवावं. फॉर्म मिळाला का, किती वेळ लागला, बसायला सांगितलं का, एवढं तिने येऊन सांगावं. असं होणार आहे हे कर्मचाऱ्यांना आधी कळवावं; दिवस तेवढा सांगू नये. आणि पहिली फेरी मेमध्येच व्हावी, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत. खर्च रिक्षाभाड्याचा.