पंधरा वर्षांचा दाखला

मंडळी, या शनिवारी कोडिंग बंद, थोडं राजकारण. शिव्या कॉमेंटमध्ये घाला, वाचतो मी :)

आमच्या फ्लॅटवर राज ठाकरे हा कायमचा वादाचा विषय. मी नांदेडचा, बाकीचे दोघे लातूरचे, तिघेही पुण्यात आयटीत. "बाहेरच्यांना आवरा" म्हणणारा माणूस दोघांना जाम आवडतो. भाषण तर मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. पण वीस वर्षांत त्यातून हाती काय लागलं ते बघा ना.

9 मार्च 2006 ला मनसे निघाली. फेब्रुवारी 2008 मध्ये मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीवाले, फेरीवाले मार खात होते. 19 ऑक्टोबरला रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या पोरांना बडवलं, दोन दिवसांनी राज यांना रत्नागिरीत अटक झाली. त्याच महिन्यात लोकलमध्ये उत्तर प्रदेशच्या एका मजुराचा मारहाणीत जीव गेला. 2009 ला 13 आमदार. मग 2014 ला एक, 2019 ला एक, 2024 ला शून्य. मधे 2020 मध्ये झेंडा भगवा झाला आणि आझाद मैदानावर मोर्चा निघाला, आता पाकिस्तानी आणि बांगलादेशी घुसखोरांना हाकला म्हणून. बेकायदा राहणारा परदेशी आणि बिहारचा भारतीय नागरिक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला परत पाठवणं सरकारचं कामच. दुसऱ्याला घटनेचं कलम 19 कुठंही राहायचा हक्क देतं. भाषणात मात्र दोघेही "बाहेरचे".

आणि गंमत म्हणजे हे सगळं निस्तरायला मुख्यमंत्री कोण? 2008 ला लातूरचे विलासराव, त्यांच्यानंतर नांदेडचे अशोकराव! विलासरावांच्या सरकारनं नोव्हेंबर 2008 मध्ये जुनाच नियम नव्यानं काढला: सवलती घेणाऱ्या उद्योगांत 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना. जानेवारी 2010 मध्ये अशोकरावांच्या मंत्रिमंडळानं टॅक्सी परवान्याला मराठी सक्तीची केली, आणि दुसऱ्याच दिवशी हिंदी, गुजरातीही चालेल असा खुलासा आला. एका दिवसात रोलबॅक! आमच्या प्रॉडक्शनलाही इतका फास्ट होत नाही.

रेल्वेच्या जाहिराती मराठी पेपरांत येत नाहीत, ही तक्रार मात्र शंभर टक्के रास्त होती. तिचा उपाय पेपरात जाहिरात आणि मराठीतून प्रश्नपत्रिका. पाटण्याहून जनरलच्या डब्यात उभं राहून आलेल्या पोरानं थोडीच ती जाहिरात दाबली होती?

आता "स्थानिक" म्हणजे कोण? पंधरा वर्षं राहिलेला. सीईटीच्या वेळी डोमिसाइलसाठी तहसीलला खेटे घातलेल्यांना हा आकडा पाठ असेल. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या मुल्की नियमांतही पंधराच वर्षं होती. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नांदेड हैदराबाद राज्यात होतं, म्हणजे तेव्हा मुंबईत नोकरी शोधणारा माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस परराज्यातलाच की!

बरं, 1956 नंतर तरी? मेडिकलच्या प्रवेशाला 70-30 चा कोटा होता. 70 टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळं लातूर पॅटर्नमध्ये घासून मार्क आणलेली पोरं मुंबई-पुण्याच्या कॉलेजांसाठी "बाहेरची" ठरायची. तेव्हा आपणच बोंब मारली की गुणवत्तेला जिल्हा नसतो. सप्टेंबर 2020 मध्ये तो कोटा गेला, आणि घोषणा केली ती लातूरच्याच अमित देशमुखांनी. आमचे लातूरकर अजून त्याचं कौतुक सांगतात आणि पुढच्याच वाक्याला राजसाहेबांचा व्हिडिओ लावतात. असो.

परवा त्यांना एक हिशोब घातला. 2008 साली ज्याची काच फुटली तो टॅक्सीवाला तेव्हा नुकता आला असेल, पण टिकून राहिला असेल, तर 2023 ला त्याची पंधरा वर्षं भरली. नियमानं तो स्थानिक. मग?

एक जण गप्प बसला. दुसरा म्हणाला, "मराठी बोलतो का ते विचार आधी."

हा प्रश्न मला चालेल. फक्त काच न फोडता विचारा.