थाळनेरला वारस कोण?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांची पाने परदेशी सहलींच्या जाहिरातींनी भरून जातात. एके काळी काशी-रामेश्वर झाले म्हणजे जन्माचे सार्थक मानणारा आपला मध्यमवर्ग आता रोम, व्हेनिस, बार्सिलोना येथपर्यंत जाऊन पोहोचला आहे. निवृत्त झालेले शिक्षक आणि बँकेतील कारकून भविष्यनिर्वाह निधीतील रकमेतून भूमध्य सागराच्या काठची जुनी बंदरे पाहून येतात, यात हसण्यासारखे काही नाही. माणसाने जग अवश्य पाहावे. परंतु तेथून परतलेल्यांच्या बोलण्यात एक वाक्य हटकून येते. ‘त्या लोकांनी काय जपून ठेवले आहे! आपल्याकडे आहेच काय?’ या वाक्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. उत्तरार्ध मात्र तपासून घेतला पाहिजे.

उदाहरण म्हणून अलेक्झांड्रिया घेऊ. जगातील सात आश्चर्यांपैकी एक मानला गेलेला तेथील दीपस्तंभ आज अस्तित्वात नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात उभारलेला तो मनोरा चौदाव्या शतकातील भूकंपांनी पुरता ढासळला. त्याच जागी १४७७ साली सुलतान काइतबे याने किल्ला बांधण्यास घेतला आणि त्यासाठी पडक्या मनोऱ्याचे दगड वापरले, असे मानले जाते. पुढे १८८२ साली इंग्रजांच्या आरमाराने शहरावर तोफा डागल्या आणि हा किल्लाही खिळखिळा झाला. नंतर त्याची दुरुस्ती झाली. आज प्रवासी तेथे जातो तो जे नाही ते पाहण्यासाठी, असे म्हटले तरी चालेल. नसलेल्या मनोऱ्याची हकीकत त्या शहराने सांगत ठेवली आहे, म्हणूनच उरलेल्या दगडांना किंमत आहे.

या शहराशी खान्देशचे एक जुने नाते आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेव्हा जी भूमी त्यांच्या कामी आली तीत एक इजिप्तची होती आणि दुसरी आपली. नाईलकाठचा कापूस अलेक्झांड्रियाहून निघाला, तापीकाठचा मुंबईहून. जळगावची पेठ वाढली ती याच लाटेवर. कापसाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या त्या बंदराकडे जळगावकराने परक्याच्या नजरेने पाहण्याचे कारण नाही.

पण कापसाच्या आणि आगगाडीच्या आधीही खान्देशला एक व्यापारी मार्ग होता, आणि तो आजच्यासारखा मुंबईकडे तोंड करून नव्हता. तो सुरतेहून निघे आणि बुऱ्हाणपूरला जाई. सतराव्या शतकात या वाटेने गेलेला फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हेर्निये याने मुक्कामांची जी यादी दिली आहे, तीत नवापूर आहे, नंदुरबार आहे, चोपडे आहे. नवापूरच्या सुवासिक तांदळाचे कौतुक करायलाही तो विसरलेला नाही. त्याच यादीत थाळनेर आहे.

आजच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर हे गाव आहे. नदीचा उतार येथे होता आणि तो ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती वाट. म्हणून किल्ला येथे, आणि म्हणूनच खान्देशच्या पहिल्या स्वतंत्र राजघराण्याचे बूडही येथेच. १३७० साली फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेर व करवंद हा मुलूख जहागीर म्हणून दिला. दिल्लीची पकड सैल होताच जहागिरीचे राज्य झाले. १३९९ साली मलिक राजा वारला. त्याचा मुलगा नासीरखान याने अशीरगड घेतला, तापीच्या वरच्या अंगाला बुऱ्हाणपूर वसविले आणि राजधानी तिकडे हलली. खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी साधूच्या नावावरून त्या नगराला नाव मिळाले. खान्देश म्हणजे या खानांचा देश, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. ती न पटणारे कान्हदेशाकडे बोट दाखवितात. तो वाद विद्वानांनी खुशाल चालू ठेवावा.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. राजधानी बुऱ्हाणपूरला गेली, तरी १४३७ साली वारलेल्या नासीरखानाचे दफन थाळनेरलाच झाले. १४४१ साली त्याचा मुलगा आणि १४५७ साली नातू, हेही येथेच आले. ज्या गावाने घराण्याला राज्य दिले त्या गावच्या मातीत विसावायचे, ही त्यांची धारणा असली पाहिजे. या मकबऱ्यांवर माळव्यातील मांडूच्या वास्तुशैलीची छाया स्पष्ट आहे. त्यांतील अष्टकोनी मकबऱ्यावरचे कोरीव काम थांबून पाहण्याजोगे आहे. हजिरा या नावाने ही वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे. संरक्षण म्हणजे काय, हे ज्याने अशा ठिकाणचा गंजका निळा फलक वाचला आहे त्याला सांगावे लागू नये.

थाळनेरची दुसरी हकीकत १८१८ सालची आहे. त्या वर्षी जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला मुलूख इंग्रजांना तोडून दिला. त्यात थाळनेर होते. २७ फेब्रुवारी रोजी सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन किल्ल्यासमोर आला, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामा याने जागा सोडली नाही. तोफा सुरू झाल्या. मग शरणागतीचे बोलणे झाले आणि काही इंग्रज अधिकारी दरवाजातून आत शिरले. अटी काय होत्या, कोणाला काय समजले, हे आजवर नीट उलगडलेले नाही. आत चकमक उडाली व दोन अधिकारी ठार झाले. त्यानंतर गडावरील सुमारे ३०० माणसांची सरसकट कत्तल करण्यात आली. त्यांत अरब शिपायांचा भरणा मोठा होता. किल्लेदाराला फाशी देण्यात आले. या प्रकाराने खुद्द इंग्लंडात खळबळ उडाली. १८१९ साली पार्लमेंटने हिंदुस्थानातील फौजेचे आभार मानले, तेव्हा हिस्लॉपच्या बाबतीत थाळनेरचा अपवाद मुद्दाम नोंदवून ठेवला. लंडनच्या सभागृहात ज्या गावाचे नाव घेऊन वाद झाला, ते गाव जळगावच्या महाविद्यालयातील किती विद्यार्थ्यांना नकाशावर दाखविता येईल?

असे का झाले? अंतराचे कारण पटण्याजोगे नाही. व्यापाराची दिशा बदलली हे एक कारण खरे. कॅप्टन ब्रिग्जने मुंबई-आग्रा रस्त्यावरचे धुळे हे ठाणे निवडून तेथे सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. पुढे आगगाडी आली, तीही तापीच्या दक्षिणेने. थाळनेर वाटेवरून बाजूला पडले. पण बाजूला पडलेली गावे विसरली जातातच असे नाही. चाळीसगावजवळचे पाटणही वाटेवर नाही. तरी भास्कराचार्यांच्या मठाला दान दिल्याचा १२०७ सालचा शिलालेख तेथे आहे, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे.

खरी अडचण अशी की थाळनेरला वारस नाही. फारुकी सुलतान आज कोणाच्याच अभिमानाच्या यादीत बसत नाहीत. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांना ते परके, दिल्लीच्या बादशहांचा इतिहास लिहिणाऱ्यांना क्षुल्लक. होळकरांच्या वतीने, पण होळकरांनीच तहात सोडून दिलेल्या किल्ल्यावर मेलेले अरब शिपाई तर कोणाचेच नव्हेत. ज्याच्या नावाने मिरवणूक काढता येत नाही त्याचा इतिहास आपल्याकडे फार दिवस टिकत नाही. पुतळा ज्याचा उभारता येईल तेवढाच आपला पूर्वज, असा काहीसा समज रूढ होऊन बसला आहे. वस्तुतः ज्या प्रदेशात आपण राहतो त्याच्या सीमा, त्याच्या पेठा, कदाचित त्याचे नावही या ‘परक्यांनी’ घडविले आहे.

यावर उपाय म्हणून पर्यटन विकासाच्या नावाखाली बगीचा, रंगीत दिवे आणि छायाचित्रे काढण्यासाठी कमान अशी मागणी कोणी करील, तर ती न केलेली बरी. सुशोभनाने जुन्या वास्तूंचे किती भले झाले आहे, हे आपण ठिकठिकाणी पाहतो. थाळनेरला आज रंगापेक्षा माणसांची, आणि माणसांपेक्षाही सांगणाऱ्याची गरज आहे. हे काम जळगाव-धुळ्याचे शिक्षक करू शकतील. शाळांच्या सहली दरवर्षी निघतात. त्या अजिंठ्याला जातात, रायगडला जातात, अलीकडे पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या बागांतही जातात. त्यांतील एक दिवस तापीकाठी काढावा. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या शहरात उभे राहिले. ज्या शहरात दप्तरे जपण्याची परंपरा आहे, तेथील शिक्षकाला थाळनेरवर चार पानांचे टिपण करणे जड जाऊ नये.

सहलीला गेलेली मुले प्रश्न विचारतील. सुलतान आपले की परके, हा एक. होळकरांनीच किल्ला देऊन टाकला होता तर किल्लेदार लढला कोणासाठी, हा दुसरा. आणि शरण आलेल्यांना मारले असेल तर त्याबद्दल शिक्षा कोणाला झाली, हा तिसरा. या तिसऱ्याचे उत्तर एका शब्दात देता येते. पहिल्या दोहोंसाठी मात्र शिक्षकाने परतीच्या एस.टी.ची घाई न करता सावलीला बसण्याइतका वेळ हाताशी ठेवावा.