यंत्राची पाठ

अलीकडे शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनांत एक नवें यंत्र वारंवार दिसूं लागलें आहे. टेबलावर मावेल एवढी अल्युमिनियमची चौकट, तीवर मागेंपुढें, डावीउजवीकडे आणि खालींवर सरकणारें एक फिरतें हत्यार, आणि त्या हत्याराची प्रत्येक हालचाल संगणकानें दिलेल्या आंकड्यांबरहुकूम होणारी; यासच सीएनसी यंत्र असें म्हणतात. असें आंकड्यांनीं चालणारें मिलिंग यंत्र १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत लोकांपुढें चालवून दाखविण्यांत आलें, तेव्हां त्याच्या नियंत्रक भागास मोठमोठीं कपाटें लागलीं होतीं. आज तेंच काम तळहाताएवढी पट्टी करते, आणि जीआरबीएल नांवाची आज्ञावली २००९ पासून कोणासही फुकट मिळते. त्यामुळें तीस सेंटिमीटर लांब व अठरा सेंटिमीटर रुंद जागेंत कोरीव काम करणारें '३०१८' या नांवाचें यंत्र सामान्य स्थितींतील घरांतही येऊं लागलें आहे. ही गोष्ट आम्हांस फार आनंदाची वाटते. मुलांनीं हातांनीं कांहीं करावें, असें म्हणत म्हणत आमचें निम्में आयुष्य गेलें.

परंतु या यंत्रांकडे पाहण्याची आपली रीत मात्र आम्हांस मान्य नाहीं. प्रदर्शनास आलेले पाहुणे, पालक, एवढेंच काय पण परीक्षकही, यंत्राच्या समोर उभे राहतात. लांकडावर गणपति किंवा शाळेचें बोधचिन्ह उमटतांना पाहून माना डोलावतात. आणि पुढल्या टेबलाकडे वळतात. यंत्राच्या पाठीमागें जाऊन तारा कोणी पाहत नाहीं. मुलेंही हें ओळखून आहेत. म्हणून चौकट जुळविण्यास चार आठवडे आणि तारा जोडण्यास प्रदर्शनापूर्वींची एक रात्र, असा वेळेचा हिशेब सर्वत्र आढळतो. आमच्या मतें हा हिशेब उलटा आहे, आणि त्यांत केवळ यंत्राचें नव्हे तर मुलाचेंही अहित आहे.

या यंत्रांतील मोटरी स्टेपर जातीच्या असतात. अशी मोटर एका फेऱ्यांत बहुधा दोनशें पावलें टाकते, आणि नियंत्रक पट्टी किती पावलांचा हुकूम सोडला एवढेंच मोजते. पाऊल खरोखर पडलें कीं नाहीं हें तिला कळत नाहीं. मोटरीच्या चार तारांपैकीं एकच सैल असली तर मोटर जागच्या जागीं थरथरते, आणि पट्टीच्या समजुतीप्रमाणें काम सुरळीत चाललेलें असतें! शेवटीं अक्षर वांकडें उमटतें आणि दोष आज्ञावलीस दिला जातो. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, वीज चालू असतां मोटरीची जोडणी उपटली गेली, तर वेटोळ्यांतील प्रवाह एकाएकीं तुटून उत्पन्न होणाऱ्या दाबानें तिला चालविणारा ड्रायव्हर जळून जाण्याचा संभव असतो.

येथें कोणी म्हणेल, "तारा नीटनेटक्या बांधल्या म्हणजे झालें." आमचा खरा मतभेद याच ठिकाणीं आहे. नीटनेटकेपणा आणि शिस्त या दोन वस्तु एक नव्हेत. आमच्या माहितीच्या एका मुलानें आपल्या यंत्राच्या साऱ्या तारा गोळा करून, दर दोन बोटांवर केबल टाय आवळून, त्यांची वेणीसारखी सुरेख जुडी केली होती. पाहणाऱ्यानें शाबासकी द्यावी असेंच तें काम होतें. पण स्पिंडल सुरू केलें कीं कांहीं क्षणांत यंत्र थांबे, आणि सरकणारा भाग अगदीं मधोमध असतांही 'सीमेवर आदळलें' असा इशारा पडद्यावर येई. मुलानें आज्ञावली तीन वेळां नव्यानें चढविली. वडिलांनीं नवी नियंत्रक पट्टी विकत आणली. गुण कांहीं येईना. दोष त्या सुरेख जुडींतच होता. स्पिंडलच्या व मोटरींच्या तारांतून प्रवाह झटक्याझटक्यानें वाहतो, आणि त्याची चाहूल शेजारच्या बारीक तारेस लागते. सीमेवरील लिमिट स्विचची तार ही अशीच बारीक. तिच्यांतून केवळ एक क्षीण खूण जात असते. दोघींस एकत्र बांधणें म्हणजे ढोल-ताशाच्या शेजारीं बसून कानगोष्टी ऐकण्यासारखें आहे. त्या मुलानें जुडी सोडली, स्विचच्या तारा चौकटीच्या दुसऱ्या अंगानें नेल्या, आणि यंत्र चालूं लागलें.

हें ज्ञान कांहीं नवें नव्हे. टेलिफोनच्या तारांस शेजारच्या तारांचा उपद्रव होऊं नये म्हणून दोन तारांस एकमेकींभोंवतीं पीळ देण्याची युक्ति अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८८१ मध्यें पेटंट केली. आमच्या मुलांसही ती करतां येते. लिमिट स्विचकडे जाणारी व तेथून परत येणारी अशा दोन तारा एकत्र पिळाव्या. भोंवतीं जाळी असलेली केबल मिळाल्यास ती जाळी नियंत्रक पट्टीच्या बाजूस, एकाच टोकाशीं, जोडावी. शक्तीच्या तारांस जेथें ओलांडणें भागच असेल तेथें काटकोनांत ओलांडावें. पुण्यांतील तपकीर गल्लींत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर यास लागणारें सामान सहज मिळतें, आणि त्याची किंमत त्या वडिलांच्या नव्या पट्टीपेक्षां पुष्कळच कमी भरते.

लिमिट स्विचविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हा स्विच दोन रीतींनीं जोडतां येतो. एका रीतींत एरवीं मार्ग खुला असतो व धक्का लागला म्हणजे जुळतो. दुसरींत एरवीं मार्ग जुळलेला असतो व धक्क्यानें तुटतो. मुलांस पहिली रीत सोपी वाटते. पण पूर्वीं गांवांत रात्रीं थोड्या थोड्या वेळानें हांक देणारा पहारेकरी असे, त्याचें महत्त्व कशांत होतें? हांक थांबली कीं लोक जागे होत. चोर आल्यावरच ओरडेन, असें म्हणणारा पहारेकरी झोंपीं गेला तर तें कोणास कळणार? पहिल्या रीतींत तार तुटली तर कोणासही पत्ता लागत नाहीं, आणि गाडी थेट टोकास जाऊन आदळते. दुसरींत तार तुटतांच यंत्र उभें राहतें. आम्ही दुसरीच्या बाजूचे आहों.

हलत्या भागाबरोबर ज्या तारा हलतात त्यांची कथा निराळी आहे. एका तासाच्या कामांत त्या शेंकडों वेळां वांकतात. भिंतींतल्या वायरिंगची एकतारी जाड तार येथें चालत नाहीं. पुष्कळ बारीक तारांची मल्टिस्ट्रँड केबलच घ्यावी. ड्रॅग चेन म्हणून कड्यांची जी साखळी मिळते ती वळणाची त्रिज्या ठरवून देते, आणि तेंच तिचें मुख्य काम आहे. केबलीच्या जाडीच्या सात ते दहापट त्रिज्या असावी हा सर्वसाधारण नियम. म्हणजे चार मिलिमीटर जाडीच्या केबलीस तीन-चार सेंटिमीटरांहून आवळ वळण देऊं नये. साखळींत तारा कोंबूं नयेत व आंत एकमेकींस बांधूंही नयेत, त्यांस मोकळें सरकूं द्यावें. मात्र साखळीच्या दोन्ही तोंडांशीं त्या घट्ट धरून ठेवाव्या, म्हणजे ओढ जोडावर न येतां त्या पकडीवर येईल.

जोडाच्या बाबतींत आमच्या जुन्या पिढीची एक संवय सोडली पाहिजे. तारेच्या टोकास कथलाचा डाग देऊन तें स्क्रूखालीं आवळण्याची रीत दिसावयास छान आहे. पण कथील दाबाखालीं हळूहळू पसरतें, स्क्रू सैल होतो, आणि सैल जोड तापतो. त्यापेक्षां टोकावर तांब्याची लहान नळी, जिला दुकानदार लग म्हणतात, ती पकडीनें दाबून बसवावी.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. तयार संचाबरोबर बहुधा बंद डबीचा अडॅप्टर येतो. त्यापुढें चोवीस व्होल्टच असल्यामुळें जिवास धोका थोडा. परंतु यंत्र मोठें करण्याच्या उमेदीनें मुलगा पत्र्याच्या जाळीचा पॉवर सप्लाय आणतो, आणि त्याच्या एका कडेस उघड्या स्क्रूंवर घरांतील २३० व्होल्टची वीज येऊन उभी राहते! अशा स्थितींत पालकांनीं कौतुक बाजूस ठेवून कठोर झालें पाहिजे. तो पॉवर सप्लाय बंद पेटींत गेला पाहिजे. त्याचा पत्रा आणि यंत्राची चौकट अर्थिंगला जोडली पाहिजे. आणि घरांतील तिसऱ्या भोंकांत खरोखर अर्थिंग आहे कीं तें नुसतें शोभेचें आहे, हें वायरमनकडून तपासून घेतलें पाहिजे. तीस मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारी आरसीसीबी बसविण्याचा खर्च यंत्राच्या खर्चांतच धरावा. तांब्याच्या पत्र्यावर सर्किट कोरणाऱ्यांनीं नियंत्रक पट्टीही झांकावी, कारण तांब्याची भुकटी वीज वाहते. (उंदरांविषयीं आम्ही वेगळें लिहीत नाहीं, कोंकणांतील वाचकांस तें ठाऊकच आहे.)

तांबडें छत्रीसारखें इमर्जन्सी स्टॉपचें बटन पुष्कळ यंत्रांवर दिसतें, पण त्याची तार कोठें जाते हें विचारावें. तें संगणकास केवळ 'कृपा करून थांब' असा निरोप धाडीत असेल, तर संगणक अडकलेला असतां निरोप कोण घेणार? त्या बटनानें मोटरींची व स्पिंडलची वीजच तुटली पाहिजे, आणि बटन पुन्हां वर ओढल्यानें यंत्र आपोआप सुरूही होतां कामा नये. मुलाचें बोट आणि फिरतें पातें यांच्या मधें त्या क्षणीं दुसरें कांहींच नसतें.

"एवढा वेळ तारांत घालविला तर अभ्यास केव्हां करणार?" असा प्रश्न पालक करितील. तारा लावणें हा अभ्यासच आहे, हें आमचें उत्तर त्यांस कदाचित् पटणार नाहीं. मग निदान गुणांची भाषा तरी पटेल. शालेय प्रदर्शनांत अशा यंत्रास शंभरांपैकीं वीस गुण केवळ पाठीमागील बाजूस असावे, अशी आमची सूचना आहे. परीक्षकानें यंत्र फिरवून ठेवावें, एका तारेवर बोट ठेवावें आणि ती कोठून कोठें जाते असें विचारावें. ज्या मुलानें प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक लिहिला असेल, आणि पेटीच्या झांकणाच्या आंतून तारांचा नकाशा चिकटविला असेल, त्यास उत्तर देण्यास अर्धें मिनिटही लागणार नाहीं. हा नकाशा पेन्सिलीनें काढावा, कारण तारा पुढें बदलाव्या लागतातच.